तणनाशकाचा फटका बसलेल्या पिकातलं नत्र : नेमकं मोजायचं काय?

कोवळी_पात

नमस्कार. इथे बरेच महिने नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. वनस्पती शरीरक्रियाशास्त्रात संशोधन करते. गव्हाच्या कोवळ्या रोपांवर तणनाशकाची कमी मात्रा पडली, म्हणजे बाजूच्या रानातली फवारणी वाऱ्याने उडून यावी इतकीच, तर रोप मरत नाही. पण त्याच्या नत्राच्या कारभारात काय बिघडतं, हे मला मोजायचं आहे. तीन तणनाशकं घेतली आहेत : ग्लायफोसेट, ग्लुफोसिनेट आणि मेट्रिब्युझिन.

पहिल्या फेरीचे आकडे आले आणि मी पार गोंधळले. फवारलेल्या रोपांत नायट्रेट रिडक्टेजची (नायट्रेटचं नायट्राइट करणारं विकर, म्हणजे एन्झाइम; पुढे एनआर म्हणते) क्रियाशीलता ग्लायफोसेटच्या गटात कंट्रोलपेक्षा, म्हणजे तणनाशक न मारलेल्या रोपांपेक्षा, कमी आली. इथवर ठीक. पण त्याच रोपांतलं जेल्डाल पद्धतीने काढलेलं एकूण नत्र टक्केवारीत कंट्रोलपेक्षा जास्त! मुक्त अमिनो आम्लंही जास्त. नायट्रेटचं रूपांतर मंदावलं असेल तर नत्र वाढलं कसं? आणि मेट्रिब्युझिनच्या गटात एनआरचं रीडिंग इतकं वर गेलं की मी सगळी द्रावणं टाकून नव्याने बनवली. तरी तेच.

एनआरसाठी नेहमीची जिवंत पानातली पद्धत वापरली : पानाच्या चकत्या, सामू ७.५ चा फॉस्फेट बफर, पोटॅशियम नायट्रेट, थोडं प्रोपॅनॉल, अंधारात ३० अंशांवर अर्धा तास, मग सल्फानिलअमाइड आणि नॅफ्थिल इथिलीन डायअमिन घालून ५४० नॅनोमीटरला गुलाबी रंग मोजायचा. सगळे आकडे दर ग्रॅम ओल्या वजनाला काढले. सॅम्पल फवारणीनंतर सातव्या दिवशी, सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात, जसजसं जमेल तसं घेतलं.

कुठे चुकतंय?

शून्यमापी

तुमची मोजणी चुकलेली नसावी. भाजक चुकला आहे.

एकूण नत्राचंच बघा. समजा कंट्रोल रोपाचं कोरडं वजन २ ग्रॅम आणि नत्र ३ टक्के. म्हणजे रोपात ६० मिलिग्रॅम नत्र. फवारलेल्या रोपाचं वजन १.२ ग्रॅम आणि नत्र ४ टक्के. म्हणजे ४८ मिलिग्रॅम. टक्केवारी वाढली, पण रोपाने मिळवलेलं नत्र पाचव्या हिश्श्याने घटलं. तणनाशकाने वाढ आधी थांबते. वाढ चालू असली की नवं कार्बन त्या नत्राला पातळ करत जातं, ती थांबली की नत्र दाटतं. तुमच्या रोपात नत्र ‘वाढलं’ ते बहुधा असं. रोपागणिक एकूण नत्र काढून बघा.

ओल्या वजनाचं दुखणं याहून मोठं. निरोगी पानात ८५ टक्के पाणी धरा, म्हणजे १ ग्रॅम ओल्या पानात ०.१५ ग्रॅम कोरडा भाग. फवारलेलं पान जरा मलूल होऊन पाणी ७५ टक्क्यांवर आलं, तर त्याच १ ग्रॅममध्ये ०.२५ ग्रॅम कोरडा भाग. पानात काहीही बदललं नाही तरी दर ग्रॅम ओल्या वजनाचा तुमचा आकडा दीडपटीहून वर जाईल. उलटही होतं. एनआर खरोखर निम्म्यावर आलं असलं तरी ओल्या वजनाच्या हिशेबात ती घट बरीचशी झाकली जाते. प्रत्येक सॅम्पलच्या शेजारच्या पानाचा तुकडा ओव्हनमध्ये वाळवून पाण्याचं प्रमाण काढून ठेवत जा. काम पाच मिनिटांचं आहे, पण ते नसेल तर मागाहून काहीही दुरुस्त करता येत नाही.

‘मग दर मिलिग्रॅम प्रथिनाला काढू’ असं कुणी सुचवेल. तेही इथे घसरडं आहे. ब्रॅडफर्डने १९७६ मध्ये दिलेली ५९५ नॅनोमीटरची रंगपद्धत सोपी आहे, पण ताणाखालच्या पानात प्रथिनंच तुटत असतात. भाजक घटला की विकराची विशिष्ट क्रियाशीलता वाढल्यासारखी दिसते, विकर मात्र होतं तेवढंच. मी स्वतः कोरड्या वजनाचा आणि रोपागणिकचा, असे दोन्ही आकडे देतो. दोघांचं सांगणं वेगळं निघालं तर खरी गोष्ट त्या फरकातच सापडते.

पहाटवारा

शून्यमापींच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. मी घड्याळाबद्दल लिहितो, कारण ‘अकरा ते चार, जसजसं जमेल तसं’ हे वाचून धस्स झालं.

एनआर हे दिवसभर बदलत राहणारं विकर आहे. उजेड पडला की त्याची निर्मिती वाढते, सकाळी काही तासांत ते शिखरावर जातं आणि दुपारनंतर उतरू लागतं. हे झालं प्रथिनाच्या प्रमाणाचं. त्याच्यावर दुसरा, फार चपळ लगाम आहे. अंधार झाला की एका ठरावीक सेरीनवर फॉस्फेट चिकटतो, मग १४-३-३ नावाची प्रथिनं मॅग्नेशियमच्या साहाय्याने त्याला जखडतात आणि विकर मिनिटांत झोपतं. म्हणजे वाढकक्षातून पान तोडून तुम्ही अंधाऱ्या खोलीतून दहा मिनिटं चालत प्रयोगशाळेत गेलात, तर त्या दहा मिनिटांचाही परिणाम तुमच्या आकड्यात बसतो.

तेव्हा सगळ्या गटांचं सॅम्पल एकाच अर्ध्या तासात घ्या. आणि तेही गटवार नको. आधी सगळं कंट्रोल, मग सगळं ग्लायफोसेट असं करू नका, कुंड्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. तोडताक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये. चकत्यांच्या पद्धतीत गोठवता येत नाही, तिथे निदान दोन माणसं हाताशी घ्या.

अर्क काढून मोजणार असाल तर एकाच अर्काचे दोन भाग करा. एकात मॅग्नेशियम, दुसऱ्यात ईडीटीए. मॅग्नेशियमच्या भागात जखडलेलं विकर जखडलेलंच राहतं, म्हणून त्या क्षणी पानात प्रत्यक्ष चालू असलेली क्रिया कळते. ईडीटीए मॅग्नेशियम काढून घेतं, विकर मोकळं होतं आणि एकूण क्षमता कळते. तणनाशकाने विकर कमी झालं की आहे तेच झोपवलं गेलं, हा फरक यातून निघतो. तुमच्या विषयाचा गाभा मला हाच वाटतो.

कोवळी_पात

दोघांचेही मनापासून आभार. रोपागणिक नत्र आत्ताच काढून पाहिलं. कोरडी वजनं सुदैवाने नोंदवलेली होती. ग्लायफोसेटच्या गटात एकूण नत्र खरंच कंट्रोलपेक्षा कमी आहे! आठवडाभर उलट्या दिशेने विचार करत होते.

मेट्रिब्युझिनचं कोडं अजून उरलं आहे. तिथे पानं मलूलही नव्हती, त्यामुळे पाण्याचं कारण लागू होत नाही. प्रकाशसंश्लेषण अडवणारं रसायन एनआर कसं वाढवेल?

रानमोगरा

ते एनआर वाढवत नाहीये. तू मोजते आहेस ते आधीच साचलेलं नायट्राइट आहे. (तू म्हटलं तर चालेल ना? तुझ्या वयाचे विद्यार्थी रोज समोर असतात.)

क्रमाने बघू. नायट्रेटचं नायट्राइट होतं पेशीद्रवात, एनआर करतं, दोन इलेक्ट्रॉन लागतात आणि ते एनएडीएच या इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या रेणूकडून येतात. एनएडीएच साखरेच्या विघटनातूनही मिळतं, त्यामुळे प्रकाशसंश्लेषण अडलं तरी साठवलेल्या साखरेवर हा टप्पा काही काळ चालू राहतो. पुढचा टप्पा, नायट्राइटचं अमोनियम, हरितलवकात होतो. तिथे सहा इलेक्ट्रॉन लागतात आणि ते फेरेडॉक्सिन या प्रथिनाकडून येतात. हिरव्या पानात फेरेडॉक्सिनला ते मुख्यतः उजेडातल्या इलेक्ट्रॉन साखळीतूनच मिळतात. मेट्रिब्युझिन, ॲट्राझिन, आयसोप्रोट्युरॉन ही सगळी मंडळी प्रकाशप्रणाली-२ मधल्या डी-१ प्रथिनावर बसून नेमकी तीच साखळी तोडतात. पहिला टप्पा चालू, दुसरा बंद. मध्ये नायट्राइट तुंबतं.

आता तुझी पद्धत आठव. चकत्यांमधून बाहेर आलेलं नायट्राइट तू मोजतेस आणि अर्ध्या तासात ते सगळं एनआरने बनवलं असं धरतेस. तुंबलेलं नायट्राइटही त्यातच मोजलं गेलं. इलाज साधा आहे. प्रत्येक सॅम्पलची शून्य-वेळेची नळी ठेव : चकत्या बफरमध्ये टाकल्या की लगेच उकळत्या पाण्यात. त्या नळीतलं नायट्राइट अर्ध्या तासाच्या आकड्यातून वजा कर. आणि वजा करून ते आकडे टाकून देऊ नकोस. मेट्रिब्युझिनच्या गटात शून्य-वेळेचं नायट्राइट हेच तुझं सगळ्यात बोलकं मोजमाप ठरेल. नायट्राइट पेशीला विषारी आहे, पान करपण्यात त्याचाही हातभार असू शकतो.

दुसरी एक फसगत याच पद्धतीत दडलेली आहे. प्रोपॅनॉल आपण का घालतो? पेशीपटल थोडं सैल व्हावं, नायट्रेट आत आणि नायट्राइट बाहेर यावं म्हणून. ज्या तणनाशकाने पटल आधीच फाटलंय, त्या पानातून नायट्राइट जास्त सहज बाहेर येतं. म्हणजे विकर तेवढंच असताना रीडिंग वाढतं. उपाय हाच की अर्धा तास झाल्यावर चकत्यांसकट नळी उकळायची, म्हणजे सगळ्याच पानांतलं सगळं नायट्राइट बाहेर येतं आणि गळतीचा फरक उरत नाही.

शून्यमापी

रानमोगरा ताई, म्हणूनच माझं मत असं की ताणाच्या प्रयोगात चकत्यांची पद्धत वापरूच नये. तिच्यात एनएडीएच पानाने स्वतःच पुरवायचं असतं. तणनाशकाने साखर आटली की एनएडीएच आटतं आणि विकर शाबूत असूनही आकडा घसरतो. मोजायला निघालो विकर आणि मोजलं साखर! अर्क काढा, एनएडीएच बाहेरून घाला आणि विकरच मोजा.

रानमोगरा

तुमचा आक्षेप खरा, निष्कर्ष मला पटत नाही. पानात विकर आहे पण त्याला इलेक्ट्रॉन मिळत नाहीत, हीसुद्धा तणनाशकाने केलेली इजाच ना? अर्कातली पद्धत ती इजा दाखवूच शकत नाही, कारण आपण एनएडीएच ओतून ती बुजवलेली असते. दोन्ही पद्धती एकाच दिवशी, एकाच पानाच्या दोन अर्ध्या भागांवर करा. दोन्हीकडे घट असेल तर विकर गेलं. चकत्यांमध्ये घट आणि अर्कात नाही, तर विकर आहे पण खुराक नाही.

शिवाय अर्कातली पद्धत निर्मळ आहे असंही समजू नका. ताणाखालच्या पानात प्रथिनं तोडणारी विकरं जोरात असतात. कुटताकुटता ती एनआर खाऊन टाकतात, कारण ते मुळातच नाजूक, शाबूत पानातही काही तासांतच निम्मं होणारं. म्हणून कुटण्याच्या बफरमध्ये ती विकरं अडवणारं ल्युपेप्टिन किंवा पीएमएसएफ, सोबत केसीन, आणि सगळं बर्फावर. तरी शंका उरलीच तर मी एक जुनी चाचणी करते. कंट्रोलचं आणि फवारलेलं पान सारख्या वजनाने एकत्र कुटायचं. क्रियाशीलता दोघांच्या बरोबर सरासरीइतकी यायला हवी. सरासरीच्या बरीच खाली आली, तर फवारलेल्या पानातलं काहीतरी चांगल्या पानातलं विकरही मारतंय. मग आपण पाहिलेली ‘घट’ पानातली की खलबत्त्यातली, हे सांगता येत नाही. ही चाचणी लिहिलेला शोधनिबंध क्वचित दिसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

अजून एक. अर्कात उरलेलं एनएडीएच गुलाबी रंग दाबतं. रंगाची द्रावणं घालण्याआधी झिंक ॲसिटेट आणि थोडं फेनाझिन मेथोसल्फेट घालून ते निकामी करायचं असतं. आणि फवारलेल्या पानाच्या अर्कात माहीत असलेलं नायट्राइट मिसळून ते पूर्ण परत मिळतं का, हे प्रत्येक तणनाशकासाठी एकदा तरी तपासायचंच.

शून्यमापी

पानाच्या दोन अर्ध्या भागांवर दोन्ही पद्धती, हे पटलं. माझं विधान मागे घेतो. अर्थात, गव्हाच्या पानात टोकापासून बुडापर्यंत वयाचा फरक असतो. अर्धे भाग आडवे कापू नका, मधल्या शिरेच्या दोन बाजू घ्या.

धुळवाफ

मी शेतावर चाचण्या घेतो, प्रयोगशाळा हाताशी नाही. आमच्याकडे हिरवेपणा मोजायचं चिमट्यासारखं एसपीएडी यंत्र आहे. त्यावरून नत्राचा अंदाज चालेल का?

पहाटवारा

निरोगी पिकात चालतो, तणनाशकाच्या चाचणीत अजिबात नको. ते यंत्र ६५० आणि ९४० नॅनोमीटरचा प्रकाश पानातून किती पार जातो ते पाहतं, म्हणजे हरितद्रव्य मोजतं. नत्र आणि हरितद्रव्य सोबत चालतात म्हणून एरवी अंदाज जुळतो. क्लोमाझोन किंवा मेसोट्रायोनसारखी पानं पांढरी करणारी रसायनं रंगद्रव्यावरच घाव घालतात. तिथे पान पांढरं आणि आत नत्र भरपूर, असं होतं. तुम्ही ठरावीक क्षेत्रातली रोपं कापून, वाळवून, वजन करून नमुना बाहेर तपासायला द्या. प्रति चौरस मीटर नत्र हा शेतातला सगळ्यात प्रामाणिक आकडा.

गाठीमूळ

एकूण नत्राचा विषय निघालाच आहे म्हणून : योहान जेल्डालची १८८३ ची मूळ पद्धत नायट्रेटमधलं नत्र पूर्ण पकडत नाही. आणि इथे नायट्रेटच साचण्याची शक्यता आहे. सॅलिसिलिक आम्ल घालून सुधारलेली पद्धत वापरा, नाहीतर ज्या गटात नायट्रेट तुंबलंय त्याच गटाचं नत्र कमी दिसेल. नायट्रेट वेगळं मोजायला १९७५ ची कॅटाल्डो यांची पद्धत सोपी आहे : तीव्र गंधकाम्लातलं सॅलिसिलिक आम्ल, मग सोडियम हायड्रॉक्साइड, पिवळा रंग ४१० नॅनोमीटरला.

आणि कृपा करून ६.२५ ने गुणून ‘प्रथिन वाढलं’ असं लिहू नका. तो गुणक प्रथिनात १६ टक्के नत्र असतं या गृहीतावर उभा आहे. तुमच्या रोपात तर प्रथिनं तुटून मुक्त अमिनो आम्लं वाढली आहेत. एकूण नत्र तेच, प्रथिन कमी, आणि गुणाकार म्हणेल प्रथिन जास्त.

कोवळी_पात

गाठीमूळ, तो गुणाकार मी खरंच केला होता. मसुद्यातून काढते.

ग्लुफोसिनेटबद्दल विचारायचं राहिलं. ते ग्लुटामिन सिंथेटेजच (अमोनियम पकडून ग्लुटामिन बनवणारं विकर) अडवतं, म्हणजे माझ्या तिन्हींत नत्रावर थेट घाव घालणारं तेच. पण सातव्या दिवशी अमोनियममध्ये कंट्रोलशी फार फरक दिसला नाही. मात्रा फार कमी पडली का?

रानमोगरा

मात्रेपेक्षा दिवस चुकला. ग्लुफोसिनेटचं अमोनियम तासांत चढतं. कमी मात्रेत जगलेलं रोप सात दिवसांत नवं ग्लुटामिन सिंथेटेज बनवून सावरलेलं असतं आणि तू सावरलेलं रोप मोजलंस. सुरुवातीचे तास गाठ : फवारणीआधी, मग २, ४, ८, २४ तास आणि पुढे तिसरा दिवस.

यात उजेडाची अट फार महत्त्वाची. अमोनियम येतं कुठून? मुळांनी घेतलेल्या नायट्रेटपासून थोडं, पण गव्हासारख्या पिकात त्याहून कितीतरी मोठा ओघ प्रकाशश्वसनातून येतो. तंतुकणिकेत दोन ग्लायसीनपासून एक सेरीन बनताना अमोनिया सुटतो आणि हरितलवकातलं ग्लुटामिन सिंथेटेज तो पुन्हा पकडतं. हा ओघ नव्या नत्राच्या दहापटीपर्यंत असू शकतो. म्हणून ग्लुफोसिनेट मारलेलं रोप अंधारात ठेवलं तर अमोनियम फारसं चढत नाही. मक्यासारख्या पिकात प्रकाशश्वसनच कमी, तिथेही ओघ लहान. तुझ्या वाढकक्षात उजेड किती आणि कार्बन डायऑक्साइड किती, हे निबंधात लिहिलं नाहीस तर अमोनियमच्या आकड्याला अर्थ नाही.

रोप अमोनियाच्या विषाने मरतं असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. २०१९ मध्ये आलेल्या कामाने ते बदललं : उजेडात तयार होणारे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू पेशीपटलं फाडतात, झटपट करपण्याचं मुख्य कारण ते. अमोनियम हे विकर अडल्याची खूण म्हणून उत्तम. इजेचं माप म्हणून ते वापरू नकोस.

गाठीमूळ

सावधान : ग्लुफोसिनेट बाजारात येतं तेच मुळी अमोनियम क्षार म्हणून. शिवाय फवाऱ्याच्या पाण्यात ग्लायफोसेट आणि ग्लुफोसिनेट दोन्हींसोबत अमोनियम सल्फेट मिसळायची रीत आहे. पानावर वाळलेलं ते अमोनियम तुमच्या नळीत उतरलं तर काय मोजलं?

कोवळी_पात

अमोनियम सल्फेट मी मिसळलं होतं, आणि कंट्रोलवर फक्त पाणी मारलं होतं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

गाठीमूळ

मग ती फेरी अमोनियमसाठी बाद धरा. पुढच्या वेळी कंट्रोलला तणनाशक सोडून बाकी सगळं द्या : तेच अमोनियम सल्फेट, तेच चिकटद्रव्य, तोच नोझल, तेवढंच पाणी. शक्य असेल तर शुद्ध तणनाशकाचा एक वेगळा गट घ्या, कारण तयार मिश्रणातली पृष्ठसक्रिय द्रव्यं स्वतःही पेशीपटलाला त्रास देतात. सॅम्पलचं पान ऊर्ध्वपातित पाण्यात दोनदा खळबळून मग टिपा. फवारा वाळताच एक शून्य-तासाचं सॅम्पल घ्या, धुऊन किती उरतं ते त्यातून कळेल.

काढताना थंड, विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात काढा. अर्क आम्लविरहित आणि कोमट राहिला तर ग्लुटामिन स्वतःच फुटून अमोनियम सोडतं, आणि फिनॉल-हायपोक्लोराइटची निळी पद्धत तेही इमानाने मोजते.

पहाटवारा

ग्लुटामिन सिंथेटेजची क्रियाशीलता मोजणार असाल तर कोणती पद्धत, ते स्पष्ट लिहा. बहुतेक जण ट्रान्सफरेज पद्धत वापरतात : ग्लुटामिन, हायड्रॉक्सिलअमाइन, मँगनीज, आर्सेनेट आणि एडीपी, मग फेरिक क्लोराइड घालून तपकिरी रंग. संवेदनशील आहे, पण पानात विकर ज्या दिशेने काम करतं ती ही नव्हे, आणि आकडा कितीतरी पट मोठा येतो. सिंथेटेज पद्धत ग्लुटामेट, एटीपी आणि मॅग्नेशियम घेऊन खऱ्या दिशेने जाते. एका निबंधातला ट्रान्सफरेजचा आकडा दुसऱ्यातल्या सिंथेटेजच्या आकड्याशेजारी ठेवलेला पाहिला आहे. त्या तुलनेतून काहीच हाती लागत नाही. (आर्सेनेट विषारी आहे, सांडपाण्यात सोडू नका.)

ग्लायफोसेटच्या गटात शिकिमेट मोजलंत का? ते नत्राचं मोजमाप नाही, पण तणनाशक खरोखर पोचलं याचा पुरावा आहे. ग्लायफोसेट ईपीएसपीएस हे विकर अडवतं, हे स्टाइनर्युकेन आणि आम्रहाइन यांनी १९८० मध्ये दाखवलं. ते अडलं की मागे शिकिमेट साचतं. पेरियोडेट पद्धतीने ३८० नॅनोमीटरला मोजता येतं. एखाद्या कुंडीत शिकिमेट चढलंच नसेल, तर तिथे एनआर का घटलं नाही याचं उत्तर तिथेच मिळतं.

रानमोगरा

ग्लायफोसेटवरून एक महत्त्वाचा प्रश्न. या गटातली एनआरची घट हे कारण की परिणाम? ग्लायफोसेट एनआरला थेट हात लावत नाही. ते पानातून मुळांकडे जातं, मुळांची वाढ थांबते, नायट्रेट कमी आत येतं. एनआर हे नायट्रेट दिसलं की बनणारं विकर, नायट्रेट कमी झालं की ते बनणंही कमी. मग ‘ग्लायफोसेटने एनआर घटलं’ हे वाक्य बरोबर असूनही दिशाभूल करतं.

हे सोडवायला पानातलं नायट्रेट सोबत मोज. नायट्रेट कमी आणि एनआर कमी, तर दोष मुळाशी. नायट्रेट भरपूर आणि एनआर कमी, तर दोष पानात. जमलं तर एका छोट्या गटाला काही तास नत्र-१५ चं, म्हणजे नत्राच्या जड समस्थानिकाचं, नायट्रेट दे. हवेतल्या नत्रात नत्र-१५ फक्त ०.३६६३ टक्के असतं, म्हणून तेवढ्या वेळात आत आलेलं नत्र मास स्पेक्ट्रोमीटरवर स्वच्छ वेगळं दिसतं. मूळ, खोड, पान वेगळे तपासलेस तर किती आत आलं, किती वर गेलं आणि त्यातलं किती प्रथिनात पोचलं, तिन्ही कळतं. बाकी सगळ्या पद्धती साठा मोजतात. ओघ मोजणारी यातली हीच.

धुळवाफ

आमचं मुख्य पीक सोयाबीन. तिथे तर नायट्रेटपेक्षा मुळांवरच्या, हवेतलं नत्र पकडणाऱ्या गाठींचाच प्रश्न. तेवढं कुणी सांगेल का?

गाठीमूळ

हा माझा जिव्हाळ्याचा विषय. प्रयोगशाळा नसेल तर निदान गाठी मोजा, वाळवून वजन करा आणि कापून आतला रंग बघा. काम करणारी गाठ लेगहिमोग्लोबिनमुळे आतून गुलाबी-लाल असते, हिरवट किंवा तपकिरी असेल तर तिचं काम संपलेलं. रोप उपटू नका, मातीसकट ढेकूळ काढा. उपटताना गाठी तुटून मागे राहतात, आणि ताण बसलेल्या रोपाच्या जास्त तुटतात.

नायट्रोजनेजसाठी (गाठीत हवेतलं नत्र पकडणारं विकर) ॲसिटिलीनचं इथिलीन होतं का ते गॅस क्रोमॅटोग्राफवर पाहतात. ही पद्धत तुलनेपुरती बरी, पण ॲसिटिलीन लावल्यावर काही मिनिटांतच नायट्रोजनेजची क्रिया घसरू लागते, हे १९८० च्या दशकातच दाखवलं गेलं. त्यामुळे बंद बाटलीत तासभर ठेवून काढलेला आकडा मी नत्राच्या किलोमध्ये कधीच बदलत नाही.

सोयाबीनला एक फार सोयीची गोष्ट आहे. तिच्या गाठी नत्र युरिआइडच्या रूपात वर पाठवतात, ॲलन्टोइन आणि ॲलन्टोइक आम्ल. खोड बुडाशी कापून वर येणारा रस गोळा केला आणि त्यात युरिआइड आणि नायट्रेट यांचं प्रमाण काढलं, की गाठींतून किती आणि मातीतून किती याचा चांगला अंदाज येतो. मूग, तूर, चवळीलाही हे लागू. हरभरा, वाटाणा, मसूर अमाइडच्या रूपात पाठवतात, तिथे ही युक्ती चालत नाही. मात्र युरिआइड रसातच मोजा. ताणाखाली पानात युरिआइड फुटायचं मंदावतं आणि साचतं. पानातला वाढलेला आकडा पाहून गाठी जोरात आहेत असं वाटेल, आणि तसं नसेल.

ग्लायफोसेट-सहनशील सोयाबीन असेल तर आणखी एक. पीक सहनशील असलं तरी गाठीतला ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू सहनशील नसतो, त्याच्याकडेही तेच ईपीएसपीएस आहे. रोप हिरवंगार दिसत असताना गाठी उपाशी, असं होऊ शकतं.

शून्यमापी

एक छोटी पण जीवघेणी गोष्ट राहिली. कोवळी_पात, एका कुंडीतल्या पाच रोपांची पाच सॅम्पल म्हणजे पाच पुनरावृत्त्या नव्हेत. फवारा कुंडीला मिळाला, म्हणून एकक कुंडी. हर्लबर्टने १९८४ मध्ये खोट्या पुनरावृत्त्यांची हीच चूक दाखवून दिली होती. आणि मात्रा एकच नको, निदान सहा घ्या, फार कमीपासून. ग्लायफोसेट अगदी कमी मात्रेत वाढ उलट वाढवू शकतं. एकाच मात्रेवर प्रयोग केलात आणि ती त्या टेकाडावर पडली, तर निष्कर्ष उलटा निघेल.

कोवळी_पात

सात आठवड्यांनी परत आले आहे. दुसरी फेरी झाली.

एकक कुंडी धरली, कंट्रोलला तणनाशक वगळून सगळं दिलं, तिघांनी मिळून वीस मिनिटांत तोडणी केली. मेट्रिब्युझिनचं ‘वाढलेलं एनआर’ शून्य-वेळेची नळी वजा केल्यावर नाहीसं झालं. उरलेला आकडा कंट्रोलच्या खाली आहे. शून्य-वेळेचं नायट्राइट मात्र मात्रेसोबत चढत जातं, आणि पान करपायच्या आधी चढतं. ग्लुफोसिनेटचं अमोनियम आठ तासांत स्पष्ट दिसलं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत कमी मात्रांमध्ये उतरलेलंही दिसलं.

ग्लायफोसेटमध्ये चकत्यांतला आकडा आणि अर्कातला आकडा दोन्ही घटले, पण पानातलं नायट्रेटही घटलेलं निघालं. म्हणजे रानमोगरा ताई म्हणाल्या तसं मुळाकडेच बोट जातं. नत्र-१५ चं नायट्रेट मागवलं आहे. मुळांना चार तास द्यायचं ठरवते आहे. वेळ बरोबर आहे का?

आणि एकत्र कुटायची चाचणी केली. ग्लायफोसेटच्या कमी मात्रांत सरासरी जुळली, सगळ्यात वरच्या मात्रेत नाही जुळली. ती मात्रा एनआरच्या आलेखातून काढून टाकली.

रानमोगरा

काढून टाकू नकोस. ल्युपेप्टिन दुप्पट करून ती मात्रा पुन्हा कुट, तरीही जुळलं नाही तर कारणासकट निबंधात लिही. चार तास ठीक आहेत, पण सकाळी उजेड लागल्यावर दोन तासांनी सुरू कर, आणि काही कुंड्या एका तासाला काप. एका तासात आणि चार तासांत आत आलेलं नत्र सरळ रेषेत वाढतंय का ते दिसायला हवं. मुळं मोजण्याआधी थंड कॅल्शियम सल्फेटच्या द्रावणात मिनिटभर बुडवून धू, नाहीतर बाहेर चिकटलेलं नत्र-१५ आत गेल्यासारखं मोजलं जाईल.